कॅप्टनचं उत्तर

हरीश टिपणीसला फ्लू झाला, आणि नेमक्या त्याच गुरुवारी 'बॉम्बे डक्स' जिंकले.

बॉम्बे डक्स ही नॉर्थ हॅरो स्टेशनजवळच्या 'ओल्ड बेल' पबमधली एक क्विझ टीम. नाव हरीशनंच ठेवलेलं. बॉम्बे डक म्हणजे बदक नव्हे, बोंबील, हे एखाद्या इंग्रज माणसाला समजावून सांगताना त्याची छाती वीतभर पुढे यायची. टीममध्ये चौघं होती. कॅप्टन अर्थातच हरीश. भूगोल शिकवून रिटायर झालेला कीथ. पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला अनुप, त्याच्याकडे फुटबॉल आणि सिनेमे. आणि चौथी मंजिरी, हरीशची बायको. मंजिरी टीममध्ये होती ती चारचा आकडा भरायला, असं हरीशचं मत होतं. लाइम-सोडा घेऊन ती त्याच्या डाव्या हाताला बसायची, कोणी जोक केला की हसायची, आणि घरी परतताना दूध संपलंय याची आठवण करून द्यायची.

गुरुवार संध्याकाळ म्हणजे हरीशचं खरं आयुष्य होतं. बाकीचे दिवस तो सिटीतल्या एका इन्शुरन्स कंपनीत आकडे जुळवायचा. तिथे त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं त्याच्या डोक्यावर जाऊन बसली होती, आणि मॅनेजर त्याला 'हॅरी' म्हणायचा. तेवीस वर्षांत त्यानं तो उच्चार सुधारायचा प्रयत्न सोडून दिला होता. पण ओल्ड बेलमध्ये पाय ठेवला की बारच्या मागून हाक यायची, "इव्हनिंग, प्रोफेसर!" ही पदवी कीथनं दिलेली. मंगोलियाची राजधानी, ऑक्टोपसची हृदयं, कुठल्या देशाच्या झेंड्यावर बंदूक आहे, असलं काहीही विचारा, प्रोफेसर पेन्सिल उचलणार आणि लिहिणार. ठाण्याच्या शाळेत त्याला जनरल नॉलेजचं बक्षीस मिळालं होतं. त्या बक्षिसाचा विस्तव त्यानं इतकी वर्षं फुंकर घालून जपला होता.

त्या गुरुवारी मात्र अंगात ताप होता. मंजिरी म्हणाली, "मी राहते घरी."

"नको, तू जा. तिघं तरी दिसू देत टेबलावर. नाहीतर ती पिनरची टीम म्हणेल, घाबरले." आणि मग, उदार होऊन, "जमेल तेवढं लिहा. शेवटून दुसरे आलात तरी चालेल."

ती परत आली तेव्हा गाल लाल झालेले आणि हातात पबनं दिलेली चॉकलेटांची पेटी. बेडरूमच्या दारातूनच म्हणाली, "हरीश, जिंकलो! किती महिन्यांनी रे!"

"जिंकलात?" हरीश उशीवर उठून बसला. "प्रश्न सोपे असतील."

"नाही रे, चांगले होते. एकच समुद्र असा आहे की ज्याला किनाराच नाही, तो कुठला? मी म्हटलं सारगासो. आणि तो ऑस्ट्रेलियातला प्राणी, ज्याची लेंडी चौकोनी असते..."

"वॉम्बॅट," हरीश घाईघाईनं म्हणाला.

"हो, तोच. कीथ तर उभा राहून टाळ्या वाजवायला लागला." तिनं चॉकलेट त्याच्या पुढे केलं. "घे. तोंडाला चव येईल."

हरीश म्हणाला, घसा दुखतोय. घसा दुखत नव्हता. दुखत होतं ते जरा खाली, आणि त्याचं औषध फार्मसीत मिळत नाही.

पुढच्या गुरुवारी तो बरा होऊन पबमध्ये गेला. सगळं नेहमीसारखं होतं, आणि काहीच नेहमीसारखं नव्हतं. प्रश्न वाचला की अनुप आधी मंजिरीकडे बघायचा. "ताई, तुम्हाला काय वाटतं?" कीथनं आपली खुर्ची थोडी वळवून घेतली होती. आणि मंजिरी, जी एरवी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची, ती आता चारचौघांना ऐकू जाईल असं बोलत होती. एकदा चुकली, तर हरीशला इतकं बरं वाटलं की त्यानं स्वतःच्या खर्चानं सगळ्यांसाठी गरम चिप्स मागवले. त्यानंतर ती सलग बरोबर येत गेली आणि चिप्स थंड होऊन गेले.

मग आला तो क्षण, जो हरीशच्या मनात पुढे कित्येक दिवस कुसळासारखा रुतून राहिला. त्याच्या पुढच्या गुरुवारी, क्विझ सुरू व्हायच्या आधी बारच्या मागून हाक आली, "इव्हनिंग, प्रोफेसर!" हरीशनं सवयीनं मान वळवली, हात वर केला. बारवाली मुलगी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. मागे मंजिरी कोट काढत होती.

हरीशनं वर केलेला हात केसांतून फिरवून खाली आणला.

त्या दिवसापासून त्यानं अभ्यास सुरू केला. ट्रेनमध्ये पेपर वाचायचा तो बंद केला आणि फोनवर देशांच्या चलनांची, हाडांच्या नावांची, स्नूकरच्या नियमांची घोकंपट्टी चालू केली. नॉर्थ हॅरोपासून मूरगेटपर्यंत त्याचे ओठ हलत असायचे. शेजारच्या माणसाला वाटायचं की हा जप करतोय. आणि घरी तो मंजिरीला पकडायला बघू लागला. ती ओट्याशी कांदा चिरत असायची आणि हा फ्रिजला टेकून, जणू सहज आठवलं म्हणून, विचारायचा.

"लंडन अंडरग्राउंडचं कुठलं स्टेशन असं आहे, की मॅकरेल या इंग्रजी शब्दातलं एकही अक्षर त्याच्या नावात नाही?"

"सेंट जॉन्स वुड. तूच सांगितलं होतंस, आपली सिया लहान असताना."

"बरं. एका धातूचं नाव जर्मन लोककथेतल्या भुतावरून पडलंय. खाणीतलं भूत. कुठला?"

"कोबाल्ट," ती म्हणाली, आणि कांद्यानं आलेलं पाणी मनगटानं पुसत पुढे म्हणाली, "निकेल म्हटलं तरी चालेल. त्याचंही तसंच आहे."

निकेलचं हरीशला माहीत नव्हतं. तो बाहेरच्या खोलीत गेला, फोनवर बघितलं. बरोबर होतं. तिचं बरोबर असणं एक वेळ त्यानं सोसलं असतं. पण ती ते सांगताना कांदा चिरायचा थांबलीसुद्धा नव्हती. जे मिळवायला तो ट्रेनमध्ये डोळे फोडत होता ते तिच्याकडे भाजीत मीठ पडावं तसं सहज पडत होतं, आणि तिला त्याचं काही अप्रूपही नव्हतं. हेच त्याला जास्त लागलं.

मंजिरी काही अडाणी नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी, इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चांगली सीनियर जागा. पण ते तिचं 'काम' होतं. ज्ञान हे खातं हरीशकडे होतं; घरात तशी वाटणीच झाली होती, म्हणजे त्यानं केली होती. पार्टीत कोणी काही विचारलं की मंजिरी त्याच्याकडे बघायची आणि तो सांगायचा. ती वाटणी मोडताना तिनं त्याला विचारलंसुद्धा नाही, असं आता त्याच्या मनानं घेतलं होतं.

बॉम्बे डक्स त्या वर्षी नॉर्थ-वेस्ट लंडनच्या पब लीगमध्ये कधी नव्हे ते फायनलला पोचले. फायनल वॉटफर्डच्या एका क्लबच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. हरीशनं इस्त्रीचा शर्ट घातला. मंजिरीनं निळा कुर्ता आणि वर जाड कार्डिगन. अनुपनं तिघांसाठी बोंबलाचं चित्र असलेले बिल्ले बनवून घेतले होते आणि कीथसाठी एक जास्त मोठा.

हॉल भरला होता. लेखी राउंड संपल्या तेव्हा बॉम्बे डक्स आणि वॉटफर्डचीच एक टीम बरोबरीत होत्या. आता निकालासाठी एकच तोंडी प्रश्न. जांभळं जॅकेट घातलेल्या क्विझमास्टर बाईंनी नियम सांगितला. टीमनं आपापसात बोलावं, पण उत्तर कॅप्टननं उभं राहून द्यायचं. त्याच्या तोंडून पहिलं जे निघेल तेच धरलं जाईल. चुकलं तर प्रश्न समोरच्यांकडे.

हरीश उभा राहिला. हॉलमध्ये एकदम शांतता झाली.

"अठराशे ऐंशीच्या दशकात," बाई वाचू लागल्या, "बर्लिनच्या एका प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी जो थर वापरत असत, तो उन्हाळ्यात वितळून जायचा. तिथल्या एका संशोधकाच्या पत्नीनं, फॅनी हेसनं, आपल्या स्वयंपाकघरातला एक पदार्थ त्याऐवजी सुचवला. तो आजही जगभर वापरतात. कोणता?"

कीथनं खांदे उडवले. अनुपचा चेहरा कोरा. आणि डाव्या बाजूनं मंजिरीचा आवाज आला, स्वच्छ आणि शांत. "अगार. आपली चायना ग्रास, हरीश. अगार."

हरीशनं तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती. असणार तरी कशी? लाल, पिवळ्या अगारच्या त्या गोल प्लेटा ती रोज हाताळते, हे त्याला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या लॅबमध्ये गेला होता तेव्हा तिनंच त्याला त्या दाखवल्या होत्या. हे सगळं त्याला त्या क्षणी आठवलं. आणि त्याच क्षणी त्याला पुढचंही दिसलं. अनुप उडी मारणार. कीथ तिला मिठी मारणार. अख्खा हॉल 'प्रोफेसर' म्हणून तिच्याकडे बघणार, आणि आपण ट्रॉफीच्या फोटोत कडेला, तिचा कोट हातात घेऊन.

"जिलेटिन," हरीश म्हणाला.

शब्द तोंडातून निघत असतानाच त्याला कळलं होतं की हे चूक आहे. जिलेटिनच तर वितळतं. बाईंनी मान हलवली. प्रश्न समोर गेला. वॉटफर्डचा कॅप्टन एक तरुण नर्स होता. त्यानं एक सेकंदही घेतला नाही. "अगार." हॉल टाळ्यांनी दणाणून गेला.

मंजिरी टाळ्या वाजवत नव्हती. ती हरीशकडे बघत होती, एखाद्या ओळखीच्या माणसाला भलत्याच गावात बघावं तशी.

कीथ आपल्या गाडीनं गेला. अनुप कुणाला तरी भेटायचंय म्हणून मागे राहिला. खरं तर त्याला या दोघांबरोबर बसायचं नव्हतं. मेट्रोपॉलिटन लाइनच्या त्या जवळजवळ रिकाम्या डब्यात नवरा-बायको शेजारी शेजारी बसले. क्रॉक्स्ली गेलं, मूर पार्क गेलं.

"तुला ऐकू आलं होतं ना?" मंजिरीनं विचारलं.

"हॉलमध्ये फार आवाज होता गं."

"टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, हरीश."

हरीशनं शर्टावरचा बिल्ला काढून खिशात टाकला.

"हरल्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "काय ठेवलंय त्या ट्रॉफीत. पण तू माझं ऐकलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि मग ते उत्तर दिलंस. मला एवढंच सांग, मी खोटी पडावी असं वाटलं तुला?"

पिनर आलं. दारं उघडली, बंद झाली. जगातली सगळी चलनं तोंडपाठ असलेला हरीश दारावरच्या नकाशातली स्टेशनं मोजत राहिला. मंजिरी उठली आणि समोरच्या सीटवर जाऊन बसली. 

त्या आठवड्यात घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं हरीशला वाटलं. मंजिरी वेळेवर जेवायला वाढायची, कचऱ्याची बिन कधी बाहेर ठेवायची ते सांगायची, आणि बाकी तिचं तिचं चाललेलं असायचं. बुधवारी अनुपचा फोन आला. आढेवेढे घेत म्हणाला, "दादा, राग मानू नका हं. कीथचं आणि माझं असं मत पडलं, की पुढच्या सीझनला कॅप्टन ताईंना करावं."

"हो, करा की!" हरीश मोठ्यानं म्हणाला. "मी तसाही सोडणारच होतो. पाठ दुखते. त्या लाकडी खुर्च्या..."

गुरुवारी मंजिरी एकटी पबमध्ये गेली. हरीश घरात टीव्ही लावून बसला आणि टीव्हीवरच्या क्विझमध्ये एकेका स्पर्धकावर करवादू लागला. तेवढ्यात लीड्सहून सियाचा फोन आला. सिया त्यांची मुलगी, इथेच जन्मलेली, तिथे युनिव्हर्सिटीत शिकणारी. तिची मराठी लिंगवचनांच्या भानगडीत पडत नसे.

"बाबा, मम्माने मला सगळं सांगितली. अगारचा गोष्ट."

"सांगितली काय? काय सांगितलं?"

"की तू मुद्दाम चूक आन्सर दिला. बाबा, तू जेलस आहे का?" पलीकडे ती क्षणभर थांबली. "जेलसला मराठीत काय म्हणतात?"

प्रश्न समोर आला की हरीशला राहवत नसे, मग तो प्रश्न स्वतःच्याच गळ्याभोवतीचा फास का असेना. "दोन शब्द आहेत," तो म्हणाला. "हेवा आणि मत्सर. लोक घोळ करतात, पण फरक आहे. हेवा म्हणजे दुसऱ्याकडे आहे ते आपल्यालाही मिळावं असं वाटणं. आणि मत्सर म्हणजे..." तो अडखळला. "म्हणजे आपल्याला नाही मिळालं तरी चालेल, पण त्याच्याकडे ते राहू नये, असं वाटणं."



"मग तुझी कोणती आहे?" सियानं विचारलं.

हरीशनं टीव्हीचा आवाज बंद केला.  मग म्हणाला, "तू जेवलीस का?"

शनिवारी त्याला कीथ भेटला, भाजीवाल्या गुजरात्याच्या दुकानात, कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन वास घेत असलेला. हरीशनं ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण दुकानाबाहेरच्या बाकावर बसल्यावर त्याच्या तोंडून निघालंच. "इतकी वर्षं मी टीम चालवली, कीथ. एका चुकीनं तुम्ही मला बाजूला केलंत."

कीथ वयानं मोठा होता आणि शिक्षक असल्यामुळे वाईट बातमी द्यायची त्याला सवय होती. "एका चुकीनं नव्हे, हरीश. आम्हाला वाटलं होतं की तुम्हा दोघांचं ते ठरलेलं आहे. ती सांगणार आणि तू लिहिणार. आम्ही त्याला तुमची जुगलबंदी म्हणायचो."

"ती सांगणार? कधी?"

"नेहमी." कीथनं त्याच्याकडे आश्चर्यानं बघितलं. "बोलिव्हियाच्या दोन राजधान्या. कानातलं ते सगळ्यात लहान हाड. ती लाइम-सोड्याच्या ग्लासामागून पुटपुटायची आणि दुसऱ्या क्षणी तू पेन्सिल उचलायचास. सगळीच नव्हे, अर्धी तुझी स्वतःची असायची. तू हुशार आहेसच. पण... तुला खरंच माहीत नव्हतं?"

हरीश घरी चालत आला. वाटेत त्यानं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. आधी काहीच आठवेना. मग हळूहळू डाव्या कानात एक बारीक आवाज यायला लागला, वर्षानुवर्षांचा. सुक्रे आणि ला पाझ. स्टेपीज, ते कानातलं हाड. हे आपल्याला सुचतंय असंच त्याला दर वेळी वाटत आलं होतं. तिचा आवाज त्याच्या स्वतःच्या डोक्यातल्या आवाजात इतका मिसळून गेला होता की तो वेगळा ऐकायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. तो चोर नव्हता. चोराला निदान माल कोणाचा ते ठाऊक असतं.

आणि लाज वाटत असतानाही, पोटातलं ते दुखणं काही गेलं नाही. उलट वाढलं. म्हणजे हे सगळं तिच्याकडे पहिल्यापासूनच होतं तर!

मंजिरी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. हरीश बादलीजवळ उभा राहिला आणि तिला चिमटे देऊ लागला.

"वॉटफर्डला मी मुद्दाम केलं," तो म्हणाला. "ऐकू आलं होतं. बरोबर आहे हेही माहीत होतं. चुकलो मी."

मंजिरीनं चादर झटकली. "हं."

"कीथनं ते पुटपुटण्याचं सांगितलं. तू कधी बोलली का नाहीस, की हे उत्तर माझं आहे म्हणून?"

"काय बोलायचं? उत्तर बरोबर आलं की तुझा चेहरा असा फुलायचा. ऑफिसातून येताना कसा यायचास, आठव. मला वाटायचं, एक दिवस तरी फुलू दे." ती थांबली. "मग तू आजारी पडलास आणि मी पहिल्यांदा मोठ्यानं उत्तर दिलं. आणि खरं सांगू? मला फार आवडलं रे. आता मी पुन्हा पुटपुटणार नाही."

"नकोच पुटपुटू," हरीश म्हणाला. बादलीतला एक चिमटा उचलून त्यानं तो उघडमीट केला.  "पण मी त्या टेबलावर नाही येऊ शकत. तुझं उत्तर बरोबर आलं की माझ्या पोटात दुखतं, मंजू. अजूनही. माफी मागताना हे सांगू नये, पण दुखतं."

त्याला वाटलं की ती आता चिडेल. मंजिरीनं शेवटचा चिमटा लावला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

"मग शेजारी नको बसूस," ती म्हणाली. "समोर बस. पिनरच्या वीणाला एक माणूस कमी पडतोय. परवाच विचारत होती."

वीणा सबनीस ही पिनरची डेंटिस्ट, स्पष्ट बोलणारी बाई. इतकी वर्षं हरीश तिच्या टीमला नावं ठेवत आला होता. तिनं त्याला घेतलं, पण पहिल्याच गुरुवारी पेन्सिल त्याच्या हातून काढून घेतली. "आमच्याकडे कॅप्टन नसतो, हरीशभाऊ. ज्याला खात्री असेल त्यानं बोलायचं. नसेल त्यानं 'माहीत नाही' म्हणायचं. त्यात काही कमीपणा नाही."

हरीशला ते जमायला उन्हाळा यावा लागला. सुरुवातीला तो प्रत्येक प्रश्नावर घोड्यासारखा उधळायचा आणि तोंडघशी पडायचा. समोरच्या टेबलावर मंजिरी केस कानामागे सारून लिहीत असायची. अनुप तिच्याकडे मान वाकवून ऐकत असायचा, आणि हरीशचं लक्ष प्रश्नापेक्षा तिकडेच जास्त. बॉम्बे डक्स जिंकत होते. दर गुरुवारी घरी चालत येताना तो हातचं राखून अभिनंदन करायचा आणि ती हसू दाबायची.

पण हळूहळू काहीतरी सैल झालं. समोरासमोर असल्यामुळे आता तिच्यावर जळण्यात काही लपवण्यासारखं उरलं नव्हतं; प्रतिस्पर्ध्यावर जळणं हा खेळाचाच भाग होता. वीणा तर म्हणायची, "जळा, जळा, त्यानं डोकं चालतं." आणि एकदा, एका प्रश्नावर, हरीशनं उघडलेलं तोंड मिटलं आणि म्हणाला, "माहीत नाही." आभाळ कोसळलं नाही. वीणाच्या टीममधल्या दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं, आणि ते बरोबर होतं.

जूनमधल्या एका गुरुवारी पिनरवाले एका गुणानं जिंकले. शेवटचा गुण हरीशचा होता. कॅनरी बेटांचं नाव पक्ष्यावरून नव्हे, कुत्र्यांवरून पडलं, हे त्याला शंभर टक्के ठाऊक होतं. डावीकडून कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं स्वतःशी ते दोनदा तपासून बघितलं. नाही, खरंच कोणी नव्हतं. बॉम्बे डक्सनी पक्षी लिहिलं होतं.

निकाल लागला आणि हरीशनं पहिलं काही केलं असेल तर समोर बघितलं. या क्षणाची त्यानं किती वाट बघितली होती! तिचा चेहरा पडेल, जरासा का होईना, आणि मग आपण मोठ्या मनानं तिच्याजवळ जाऊ.

मंजिरी उभी राहून टाळ्या वाजवत होती. तोंडभर हसत. मग टेबलांमधून वाट काढत ती आली, वीणाच्या हातात हात दिला, आणि हरीशला म्हणाली, "कुत्रे? खरंच? मी तर पैजेवर पक्षी म्हटलं होतं. कसं काय रे कुत्रे?"

तिच्या आवाजात खोट नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. हरीशच्या जिंकण्यातली निम्मी मजा तिथेच गळून गेली. हिला हरताही येतं. हिला हरण्यातसुद्धा मजा येते, आणि आपल्याला जिंकून झालं तरी समोरचा पडलाय की नाही ते बघावं लागतं. ओळखीची ती कळ पुन्हा पोटात उठली. त्यानं ती उठू दिली.

बाहेर अजून उजेड होता. कीथनं निरोपाचा हात केला. नवरा-बायको घराच्या दिशेनं चालू लागले.

"सांग ना," मंजिरी म्हणाली.

"लॅटिनमध्ये कुत्र्याला कॅनिस म्हणतात. त्या बेटांवर म्हणे मोठाले कुत्रे होते. त्यावरून बेटांना नाव पडलं, आणि मग बेटांवरून पक्ष्याला."

"म्हणजे पक्ष्याचं नाव कुत्र्यावरून!" ती रस्त्यातच थांबून हसायला लागली. "काय छान आहे रे हे."

"आहे ना?" हरीश म्हणाला, आणि त्यालाही हसू आलं. मग थोडं पुढे गेल्यावर त्यानं विचारलं, "चौथ्या राउंडचा तो मधमाश्यांचा प्रश्न, आमच्यात कोणालाच नाही आला. ते तुला कसं माहीत होतं?"

मंजिरी सांगू लागली. हरीश तिच्या उजव्या हाताला, मान थोडी झुकवून, शेवटपर्यंत ऐकत चालला. मध्ये एकदा 'हे मलाही माहीत होतं' असं म्हणायचा मोह त्याला झाला. माहीत नव्हतं, म्हणून तो काही बोलला नाही.